फोकस पुलरच्या हातातली लेन्स

फोटोग्राफीची ५० मिलिमीटरची चांगली लेन्स काही हजार रुपयांत मिळते. तेवढ्याच फोकल लेंथची सिने-लेन्स लाखांत जाते, आणि म्हणूनच मुंबईतले बहुतेक निर्माते ती विकत न घेता सेटच्या सेट भाड्याने आणतात. नव्याने शॉर्टफिल्म करणारी मुलं हमखास विचारतात, चित्र तर दोन्हींतून छान दिसतं, मग एवढे पैसे कशाचे? काच वेगळी असते, असं उत्तर त्यांना मिळतं. ते अर्धंच खरं आहे. झाइस कंपनीने २०१० मध्ये ‘कॉम्पॅक्ट प्राइम सीपी.२’ ही सिने-लेन्सची मालिका बाजारात आणली, तेव्हा त्यातल्या बऱ्याच लेन्समध्ये काच होती कंपनीच्याच फोटोग्राफीच्या लेन्सची. बदललं होतं ते काचेभोवतीचं धातूचं नळकांडं, म्हणजे बॅरल. किंमत कितीतरी पटींनी वाढली तरी छायालेखकांनी या लेन्स घेतल्या, कारण आपण कशाचे पैसे देतोय हे त्यांना नीट माहीत होतं.

म्हणून सिने-लेन्स समजून घ्यायची तर काचेच्या आधी बॅरलकडे बघावं. आणि बॅरल समजून घ्यायचं तर ते ज्याच्या हातासाठी घडवलंय त्या माणसाकडे, फोकस पुलरकडे.

एक साधा शॉट घेऊ. जुन्या वाड्याचं अंगण. नायिका तुळशीवृंदावनापाशी उभी आहे, तिथून ती ओसरीवर ठेवलेल्या कॅमेऱ्याकडे चालत येते आणि थांबते. सुरुवातीला ती पाच मीटरवर आहे, शेवटी दोन मीटरवर. लेन्स ८५ मिलिमीटरची, संध्याकाळचा उजेड, म्हणून आयरिस, म्हणजे लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र, दोनवर उघडलेला. नेहमीच्या सुपर ३५ आकाराच्या सेन्सरवर हिशेब केला तर पाच मीटरवर साधारण ३५ सेंटीमीटरची खोली स्पष्ट दिसते. दोन मीटरवर ती जेमतेम साडेपाच सेंटीमीटर उरते. म्हणजे ती थांबते तेव्हा डोळे लख्ख असतील तर कान धूसर असतात. ती चालत असताना प्रत्येक पावलाला फोकस तिच्या डोळ्यांवर राहिला पाहिजे आणि ती ज्या क्षणी थांबेल त्या क्षणी लेन्सची रिंगही थांबली पाहिजे. एक क्षण पुढे-मागे झाला तर नटीने कितीही जीव ओतलेला असो, टेक वाया जातो.

हे काम फोकस पुलर करतो. कॅमेऱ्याच्या अंगावर एका गोलातून रेघ गेलेली छोटी खूण असते. आत सेन्सर नेमका त्या पातळीवर असतो. फोकस पुलर टेपचं टोक तिथे अडकवतो आणि नटाच्या डोळ्यापर्यंतचं अंतर मोजतो. जमिनीवर रंगीत टेपचे मार्क लागतात: इथे उभं राहायचं, इथे वळायचं, इथे थांबायचं. मग ती अंतरं तो लेन्सवर बघतो. पूर्वी तो कॅमेऱ्याला खेटून उभा राहायचा आणि नजर लेन्समधून नव्हे, तर नटाच्या पावलांवर ठेवायचा. आता बहुतेक ठिकाणी तो मॉनिटरसमोर असतो आणि हातातल्या वायरलेस यंत्राने लेन्सवरची मोटर फिरवतो. पण अंतराचा अंदाज आणि नटाच्या चालीची लय त्याला आजही अंगात मुरवावी लागते. युनिटमधलं हे सगळ्यात अवघड आणि सगळ्यात कमी बोललं जाणारं काम आहे, असं मला मनापासून वाटतं. ते बिनचूक झालं की प्रेक्षकाला ते झाल्याचं कळतही नाही.

आता त्याच्या हातातली रिंग बघा. फोटोग्राफीच्या लेन्सवर ती बऱ्याचदा पाव फेरी किंवा त्याहूनही कमी फिरते, कारण ऑटोफोकसच्या मोटरला झटकन पोचायचं असतं. अनेक आधुनिक लेन्समध्ये तर रिंग आतल्या काचेला जोडलेलीच नसते. ती फक्त मोटरला संदेश देते, आणि हळू फिरवली तर एक अंतर, जोरात फिरवली तर दुसरंच. अशा रिंगवर मार्क करून काही उपयोग नाही. सिने-लेन्सची रिंग २७० ते ३०० अंश फिरते, दोन्ही टोकांना ठाम अडते आणि दहाव्या टेकलाही दोन मीटर तिथेच सापडतं जिथे पहिल्या टेकला होतं. अंतराचे आकडे बॅरलच्या दोन्ही अंगांना कोरलेले असतात, म्हणजे कोणत्याही बाजूला उभं राहून वाचता येतात. रिंगवर दाते असतात आणि त्यांचं माप जगभर एकच, त्यामुळे कोणत्याही कंपनीची मोटर कोणत्याही लेन्सवर बसते.

एवढी लांब फेरी कशासाठी, याचं उत्तर भूमितीत आहे. ५० मिलिमीटरची साधी लेन्स अनंतावरून १० मीटरवर आणायला ती फक्त पाव मिलिमीटर पुढे सरकवावी लागते. दोन मीटरवर आणायला जवळपास १.३ मिलिमीटर, आणि दोन मीटरवरून एक मीटरवर आणायला आणखी तेवढीच. म्हणजे दहा मीटरपलीकडचं अख्खं जग पाव मिलिमीटरमध्ये कोंबलेलं असतं. साध्या आट्यांवर फिरणाऱ्या लेन्समध्ये लांबचे आकडे एकमेकांना चिकटून बसतात आणि तिथे हात जरा हलला की माणूस धूसर होतो. इंग्लंडच्या कुक कंपनीने १९९८ मध्ये आणलेल्या ‘एस ४’ लेन्समध्ये आट्यांऐवजी कॅमची, म्हणजे हवी तशी वळवलेल्या खाचेची, रचना आहे. तिच्यामुळे लांबच्या आकड्यांनाही श्वास घ्यायला जागा मिळते. छायालेखक कुकच्या रंगांबद्दल भरभरून बोलतात. फोकस पुलरला विचारलं तर तो आधी या आकड्यांबद्दल बोलेल.

फोकस पुलरच्या कसोटीचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे स्टॅन्ली कुब्रिकचा १९७५ चा ‘बॅरी लिंडन’. अठराव्या शतकातले दिवाणखाने खऱ्या मेणबत्त्यांच्या उजेडात चित्रित करायचे, असं कुब्रिकने ठरवलं होतं. त्यासाठी त्याने झाइसची ५० मिलिमीटर एफ ०.७ ही लेन्स मिळवली. साठच्या दशकात अमेरिकेच्या नासा या संस्थेच्या चांद्रमोहिमांसाठी घडवलेल्या या लेन्स जगात मोजून दहा होत्या, त्यातल्या तीन कुब्रिककडे आल्या. एफ १.४ च्या लेन्सपेक्षा ती चौपट प्रकाश आत घेते. पण तिची मागची काच फिल्मच्या इतकी जवळ यायची की नेहमीच्या कॅमेऱ्यावर ती बसेना. तंत्रज्ञ एड डिज्युलिओने एक मिचेल कॅमेरा कापून-कोरून तिच्यासाठी तयार केला.

जॉन अल्कॉटला या छायालेखनासाठी ऑस्कर मिळालं, ते योग्यच होतं. मला मात्र या कथेत जास्त ओढ वाटते ती फोकस पुलर डग्लस मिल्सम याची. दोन मीटरवर फक्त साडेपाच सेंटीमीटरची खोली, समोर मेणबत्त्यांच्या मंद उजेडात बसलेले नट आणि पुढे झुकून बोलणारी पात्रं. मिल्समने एक व्हिडिओ कॅमेरा मुख्य कॅमेऱ्याशी काटकोनात, बाजूने लावला. त्याच्या पडद्यावर चौकटींची जाळी बसवली आणि नटांच्या जागा टेपने मोजून त्या जाळीवर उतरवल्या. नट पुढे झुकला की बाजूच्या पडद्यावर तो किती चौकटी सरकला हे दिसायचं आणि तेवढी रिंग फिरायची. ते मेणबत्त्यांचे प्रसंग पुन्हा बघाल तेव्हा पात्रं किती कमी हलतात याकडे लक्ष द्या. त्या चित्रांसारख्या स्थिर मांडणीमागे कुब्रिकची दृष्टी आहे, तशी या लेन्सची सक्तीही आहे.

फोकस सरकताना आणखी एक गोष्ट घडते. लेन्स जवळच्या वस्तूवर आणताना ती सेन्सरपासून दूर जाते आणि प्रतिमा किंचित मोठी होते. साध्या ५० मिलिमीटरच्या लेन्समध्ये अनंतापासून एक मीटरपर्यंत येताना हा फरक पाच टक्क्यांचा असतो. स्थिर फोटोत तो कुणाला दिसणार? पण खिडकीतल्या माणसावरून टेबलावरच्या पत्रावर फोकस आणला तर मोठ्या पडद्यावर सगळी चौकट फुगल्यासारखी वाटते आणि प्रेक्षकाचं लक्ष पत्राऐवजी त्या हालचालीकडे जातं. याला ब्रीदिंग म्हणतात. ते कमी करायला आतल्या काचांचे गट वेगवेगळ्या गतीने सरकवावे लागतात. इथे काच आणि बॅरल दोघांचाही खर्च वाढतो.

मग प्रकाशाचं गणित. फोटोग्राफीच्या लेन्सवर एफचा आकडा असतो. तो निव्वळ भूमितीचा: फोकल लेंथ भागिले छिद्राचा व्यास. काच वाटेत किती प्रकाश खाते, हे त्यात येत नाही. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून साधारण चार टक्के प्रकाश परत फिरतो. सहा सुट्या काचा, म्हणजे बारा पृष्ठभाग. पलीकडे पोचतो जेमतेम ६१ टक्के. वीस काचांच्या झूममध्ये तर पाचवा हिस्सासुद्धा पोचणार नाही. झाइसमध्ये अलेक्झांडर स्माकुला याने १९३५ मध्ये प्रतिबिंब रोखणाऱ्या लेपाचं पेटंट घेतलं आणि पुढे गुंतागुंतीच्या लेन्स व्यवहारात शक्य झाल्या. तरीही थोडा प्रकाश जातोच, आणि प्रत्येक लेन्समध्ये तो वेगळा जातो. म्हणून सिने-लेन्सवर टीचा आकडा असतो. तो प्रत्यक्ष मोजून कोरलेला. ३२ वर घेतलेला वाइड आणि ७५ वर घेतलेला क्लोज-अप पडद्यावर एकमेकांना चिकटून येतात. दोन्ही टी २.८ वर असतील तर चेहऱ्याचा उजेड तोच राहतो.

रंगाचंही तसंच. एका मालिकेतल्या ब्लॉक लेन्स, म्हणजे झूम न होणाऱ्या, एकाच ताग्यातून कापलेल्या कापडासारख्या जुळाव्या लागतात. एक पिवळट आणि दुसरी निळसर असेल तर संवादाच्या प्रसंगात प्रत्येक कटला त्वचेचा रंग बदलेल. पुढचा व्यासही शक्यतो सगळ्यांचा एकच ठेवतात, कारण लेन्स बदलताना मॅट बॉक्स (लेन्सपुढची नको तो प्रकाश अडवणारी चौकट) आणि मोटर पुन्हा जुळवायला गेलेली पाच मिनिटं मावळतीच्या उजेडात फार महाग पडतात.

सिने-लेन्सवर आयरिसच्या रिंगला खटके नसतात, ते चालू शॉटमध्ये उजेड सावरता यावा म्हणून. माजघरातल्या अंधारातून कॅमेरा मुलाच्या मागोमाग निघतो, ओसरी ओलांडतो आणि उन्हातल्या अंगणात येतो. आत टी २.८ लागतो, बाहेर टी ११. मुलगा उंबरा ओलांडतो त्या दोन-तीन सेकंदांत आयरिस गुपचूप मिटत न्यावा लागतो. खटके असतील तर प्रत्येक खटक्याला पडदा दचकेल. चांगली लेन्स आणि सरावाचा हात असेल तर प्रेक्षकाला वाटतं, आपलेच डोळे उन्हाला सरावले.

झूमबद्दल एवढंच सांगतो की सिनेमाच्या झूममध्ये टेलीवर फोकस करून वाइडवर गेलात तरी फोकस ढळत नाही. फोटोग्राफीच्या बऱ्याच झूममध्ये तो ढळतो आणि ऑटोफोकस सावरून घेतो. फ्रान्सच्या पिएर आंजेन्यूने पन्नाशीच्या दशकात दहापट झूम होणारी, १२ ते १२० मिलिमीटरची लेन्स १६ मिलिमीटरच्या कॅमेऱ्यांसाठी घडवली. पुढे माहितीपटवाल्यांच्या खांद्यावर वर्षानुवर्षं तीच दिसायची.

आता काचेकडे येऊ, कारण तिच्यावरही लोकांचं प्रेम असतं आणि ते उगाच नाही. १८९३ मध्ये यॉर्कच्या टी. कुक अँड सन्स या दुर्बिणी बनवणाऱ्या कंपनीत हॅरल्ड डेनिस टेलर याने फक्त तीन काचांत लेन्सचे मुख्य दोष आटोक्यात आणले. कॅमेऱ्याच्या लेन्स बनवण्यात त्या कंपनीला रस नव्हता, म्हणून उत्पादन लीसेस्टरच्या टेलर, टेलर अँड हॉब्सन यांच्याकडे गेलं, पण नाव कुकचंच राहिलं. तिथेच हॉरेस ली याने १९२० च्या सुमारास एफ २ ची ‘ओपिक’ आखली. तिच्या कुळातल्या ‘स्पीड पँक्रो’ लेन्सवर पुढची कित्येक दशकं हॉलीवूड चाललं. या जुन्या लेन्स कडेला किंचित मऊ असतात, उजेड समोर आला की चित्रातला काळा रंग थोडा उजळतो आणि त्वचा सौम्य दिसते. डिजिटल सेन्सर प्रत्येक सुरकुती कोरून दाखवू लागले तेव्हा छायालेखक या लेन्सकडे परत वळले. आज त्या काचा जुन्या बॅरलमधून सोडवून नव्या, दाते असलेल्या, ३०० अंश फिरणाऱ्या बॅरलमध्ये बसवल्या जातात. म्हणजे काच आजोबांच्या काळची, पण फोकस पुलरला हवं ते सगळं आजचं.

अॅनामॉर्फिकची गोष्ट वेगळीच. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ऑन्री क्रेत्यां याने १९२० च्या दशकात दृश्य आडवं दाबून निम्म्या रुंदीत बसवणारी लेन्स शोधली; प्रोजेक्टरवर उलट लेन्स लावली की ते पुन्हा पसरतं. हबल अवकाश दुर्बिणीची रचना ज्या पद्धतीची आहे तिच्या नावातला क्रेत्यां हाच. त्याची लेन्स बरीच वर्षं दुर्लक्षित पडून होती. टेलिव्हिजनने प्रेक्षक पळवले तेव्हा ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सला तिची आठवण झाली आणि १९५३ मध्ये ‘द रोब’ सिनेमास्कोपमध्ये आला. आपल्याकडे १९५९ चा गुरुदत्तचा ‘कागज के फूल’ हा पहिला सिनेमास्कोप चित्रपट मानला जातो. छायालेखक होते व्ही. के. मूर्ती, पुढे दादासाहेब फाळके पुरस्कार मिळवणारे पहिले छायालेखक. रिकाम्या स्टुडिओतला तो प्रकाशाचा झोत सगळ्यांना आठवतो. मला त्यात पडद्याची रुंदी जास्त बोलकी वाटते: दोन माणसं आणि मधली एवढी मोठी मोकळी जागा. सुरुवातीच्या सिनेमास्कोप लेन्सना क्लोज-अप झेपत नसे. माणूस जवळ आला की दाब कमी पडायचा, पडद्यावर पसरल्यावर चेहरा गालगुंड झाल्यासारखा सुजायचा. पॅनाव्हिजनने हा दोष काढला आणि याच जोरावर हॉलीवूडमध्ये आपलं बस्तान बसवलं.

लेन्स दिग्दर्शकाच्या हाती काय देते याचं आपलं अस्सल उदाहरण त्याच्याही आधीचं आहे. १९३४ चा प्रभात फिल्म कंपनीचा ‘अमृतमंथन’. हिंदी आवृत्तीत राजगुरूच्या भूमिकेत चंद्रमोहन होते, आणि व्ही. शांतारामांनी टेलिफोटो लेन्स लावून त्यांचा एकटा डोळा पडदाभर दाखवला. साध्या लेन्सने हे करायचं तर कॅमेरा नटाच्या तोंडाशी न्यावा लागतो. त्याची सावली चेहऱ्यावर पडते, नाक अवाच्या सवा मोठं दिसतं. नाक मोठं दिसतं ते लेन्समुळे नव्हे, अंतरामुळे, हे इथे सांगायला हवं. चेहऱ्याची ठेवण ठरते ती कॅमेरा किती लांब आहे यावर. टेलिफोटोने कॅमेरा मागे राहतो, प्रकाशाला जागा मिळते आणि तरी डोळा पडदा भरून टाकतो. मात्र इतक्या मोठ्या प्रतिमेत स्पष्टतेची खोली मिलिमीटरमध्ये मोजावी लागते. चंद्रमोहननी मान जरा हलवली असती तरी शॉट गेला असता. पुण्यातल्या ज्या आवारात प्रभातचा स्टुडिओ होता तिथेच १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे.

एवढं वाचून कुणी सांगलीत किंवा परभणीत लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्याने सिने-लेन्स घ्यावी का? मी तर नकोच म्हणेन. एकट्याने कॅमेरा धरून, रिहर्सल नसलेल्या माणसांच्या मागे धावायचं असेल तर चांगली ऑटोफोकस लेन्स हीच योग्य. माहितीपटालाही बऱ्याचदा तीच. पण शॉट ठरवून घेता, मार्क देता आणि फोकससाठी वेगळा माणूस ठेवता येतो, अशी कथा करत असाल तर भाड्याने का होईना, सिने-लेन्स घ्या. बजेट फारच कमी असेल तर साम्यांगच्या खटके काढलेल्या, दाते बसवलेल्या लेन्ससारखे पर्यायही चालतात. आणि लेन्सच्या आधी फोकस पुलरचे पैसे बाजूला काढा.

शूटिंगच्या आदल्या दिवशी भाड्याच्या दुकानात जाऊन सेट तपासा, आणि तुमच्याच कॅमेऱ्यावर तपासा. पीएल माउंटच्या (माउंट म्हणजे लेन्स बसवायची कडी) कॅमेऱ्यात लेन्स टेकते तिथून सेन्सरपर्यंतचं अंतर ५२ मिलिमीटर असावं लागतं. सेन्सर फक्त पाच शतांश मिलिमीटर मागे सरकला तर अनंतावर लावलेली १८ ची लेन्स प्रत्यक्षात साडेसहा मीटरवर फोकस करते. १०० च्या लेन्सला तेवढ्याच चुकीने २०० मीटरचा फोकस मिळतो, म्हणजे तिथे काही कळणारच नाही. म्हणून तपासणी सगळ्यात वाइड लेन्सपासून सुरू करा. भिंतीवर तक्ता लावा, आयरिस पूर्ण उघडा, टेपने दोन मीटर मोजा, मॉनिटरवर चित्र मोठं करून फोकस जुळवा आणि मग बॅरलवरचा आकडा वाचा. एकाच लेन्सचा आकडा चुकत असेल तर ती बदलून मागा. सगळ्याच वाइड लेन्स एकाच दिशेला चुकत असतील तर दोष कॅमेऱ्याच्या माउंटमध्ये आहे. लेन्स तशाच ठेवा आणि माउंटखालची पातळ चकती बदलून अंतर पुन्हा ५२ वर आणून द्यायला सांगा.